जिभेवरचं वेखंड

दादा, आज तुमच्यावर राग काढायलाच हे पत्र लिहायला बसलेय. बोलताना अडखळणाऱ्या लेकरांना तुमची ही लेक आता शिकवते. परवा आमच्या प्रशिक्षणात एका बाईंनी सांगितलं, आफ्रिकेत खोसा नावाची भाषा आहे. बैल हाकताना आपण जीभ टाळ्याला लावून टक् करतो ना, तसली व्यंजनं तिच्या शब्दांत असतात. तिथली लेकरंही आधी चुकतात, सोपा आवाज काढून वेळ भागवतात, आणि हळूहळू बरोबर बोलायला लागतात. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरातही 'र' उशिराच येतो. कुणी कुणाची जीभ सोलत नाही! ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

मी लहान होते. दुष्काळात ऊसच नव्हता, तुमचा सहकारी साखर कारखाना बंद पडला, आणि तुम्ही दिवसभर कॉलनीतल्या खोलीत धुमसत बसायचा. मी 'क'ला आणि 'ख'ला 'त' म्हणायची, 'र'ला 'ल'. एकदा कारखान्याचे संचालक घरी आले. तुम्ही कौतुकानं विचारलंत, "बाप कुठं कामाला हाय, सांग की." मी म्हणाले, "तालतान्यात." ते पोट धरून हसले. ते गेल्यावर तुम्ही मला दाराच्या चौकटीवर आपटलंत. मग रोज सहाणेवर वेखंड उगाळायचं, माझा जबडा दाबून धरायचा आणि जिभेवर खसाखसा घासायचं. असं झोंबायचं, की डोळ्यांपुढं अंधारी यायची. थुंकीत रक्त यायचं. माय ओरडायची, "आवो, पोरीचं तोंड हाय ते, पायताण न्हाई!" मग तिलाही बसायची.

'क' आला. यायच्या वेळी आला. तुम्ही मात्र कॉलनीभर सांगत सुटलात, "वेखंडानं आला, लई जालीम हाय." घरोघरी सहाणा निघाल्या, लेकरं किंचाळायला लागली. मग आपल्या धाकट्याची पाळी आली. तुम्ही त्याला गुडघ्यांत आवळलंत तशी मी धावले आणि तुमच्या अंगठ्याला कडकडून चावले. हाडाला दात लागले तरी सोडलं नाही. तुम्ही दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यात बुक्क्या घालत होता. धाकटा निसटून मायकडं पळाला.

लोकांना तुम्ही सांगितलंत, कुत्रं चावलं. धाकट्याच्या तोंडाला पुन्हा हात लावला नाहीत. माझ्याशी मात्र मरेपर्यंत धड बोलला नाहीत.

हे पत्र राहू दे इथंच, तुमच्या फोटोमागं. चावल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तुम्ही नुसतं "पोरी" म्हणावं, म्हणून मी लग्नाच्या मांडवातसुद्धा वाट बघत होते.