इरशाद मध्ये का पडला

कुवेत, १२ जानेवारी २०२५

प्रिय उज्वला हिस,
सलाम आणि जयभीम. वि. वि.

बाळ बारा दिवसांचे, त्याचा पासपोर्ट नाही. म्हणून सख्ख्या भावाच्या मय्यतीला मला येता आले नाही. फोनवर अम्मी नुसती रडते, बाकीचे सबर कर म्हणतात. इतकेच कळले, की वीर स्टेशनवर मानसी नावाच्या बाईवर तिच्या नवऱ्याने कोयता उगारला आणि आमचा इरशाद आपल्या रिक्षातून उतरून मध्ये पडला. परक्यांच्या भांडणात त्याने का पडावे? ती बाई जिवंत आहे याचाच मला राग येतो. लाज वाटते, पण तुझ्याशी खोटे कशाला? तू तुडीलमध्येच आहेस. पाहिलेस ते सगळे लिही. आपल्या गावचा अकिब सव्वीसला इकडे कामाला निघतोय, पत्र त्याच्याकडे दे.

आहे ती माया राहू दे.
तुझी हलिमा

तुडील, २४ जानेवारी २०२५

प्रिय हलिमास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

बाळाचा फोटो पाहिला. नाक तुझ्यावर गेलेय, बिचाऱ्याचे कठीण आहे.

आता ऐक. महाडहून इरशादला आणले तेव्हा अॅम्ब्युलन्सच्या मागे रिक्षा होत्या. मी साठपर्यंत मोजल्या, मग डोळ्यांना दिसेना. एकानेही हॉर्न वाजवला नाही. त्या दिवशी वीरला गाडीतून उतरलेली माणसे सामान डोक्यावर घेऊन मुकाट चालत गेली. आमच्या बौद्धवाडीतल्या चुली दुपारपर्यंत थंड होत्या. मग माझ्या आईने, गीताबाईने, भाकऱ्या थापायला घेतल्या. तीन दिवस तुमच्या घरचे जेवण वाडीतून गेले. भिकाजीकाका कुणाच्या दारी न जाणारा माणूस. तो कबर खणायला पहाटेच हजर होता.

चौथ्या दिवशी मानसी आली. ती बिरवाडीत खोली घेऊन राहते, कारखान्यात पॅकिंगला जाते. हाताला टाके. ही कशाला आली, असे अंगणात कुणी पुटपुटले. तुझ्या अम्मीने तिला एवढेच विचारले, की माझा पोरगा काय बोलला? मानसीने सांगितले, की तो म्हणाला, ताई, भिऊ नको, मी हाय. अम्मीने तिला जवळ ओढले आणि दोघी अशा रडल्या, की मी आयुष्यात तसे ऐकले नव्हते. मग अम्मीने तिला आपल्या ताटात जेवायला बसवले.

पोलिसांत दिलेला जबाब बदल म्हणून सासरचे तिला धमकावतात. हे कळल्यावर वीरच्या स्टँडवाल्यांनी पाळ्या लावल्या. रोज एक रिक्षा तिला खोलीपासून कारखान्यापर्यंत सोडते, आणते. काल महाडच्या कोर्टात तिचा जबाब होता. बाहेर अख्खा स्टँड उभा, आणि सर्वांत पुढे तुझी अम्मी. मानसी शेवटपर्यंत डगमगली नाही. हलिमा, या माणसांत मी जन्मापासून राहते, पण ती एवढी मोठी आहेत हे मला ठाऊक नव्हते.

तो का पडला, ते मला सांगता येत नाही. तू रागावलीस तरी माझीच.
उज्वला

कुवेत, २० फेब्रुवारी २०२५

प्रिय उज्वला,
सलाम, जयभीम. वि. वि.

पत्र वाचायला मला तीन दिवस लागले. चार ओळी वाचायची, घडी घालायची. अम्मीला फोन केला. ती म्हणाली, त्याने विचार केला नाय गो, विचार केला असता तर तो इरशाद नसता.

माझा राग गेला असे लिहिणार नाही. बाळाचा पासपोर्ट आला. अठरा मे रोजी मी वीरला उतरते. घरी जाण्याआधी मला स्टेशनवर थोडे थांबायचे आहे. तू मानसीला घेऊन ये. तो कुठे उभा होता, ते तिनेच मला दाखवावे.

भेटीपर्यंत जीव लावून राहा.
तुझी हलिमा