चावल्यासारखं पान

न्येगुशी, ९ एप्रिल १८४३
डोंगरातल्या या गावात पोचलो. कोतोरच्या बंदरापासून इथवर नुसती चढण. सामान बायकांनी आणलं. इथे ओझी बायका वाहतात, पुरुष बंदूक वाहतात. माझा टिपकागदांचा गठ्ठा, पानं दाबायच्या फळ्या, जादाचे बूट, सगळं घरमालकीण इकोनियाच्या पाठीवर. वर चढता चढता ती मोजे विणत होती. मला धाप लागली ती हवेमुळे.

प्लॅन सरळ आहे. उद्या लोवचेन डोंगर. परवा नवी वनस्पती. उन्हाळा संपायच्या आत प्राग. बॅरनसाहेबांनी शब्द दिलाय की, प्रोकोप, कोणाला ठाऊक नसलेलं एक झाड पाठव, फक्त एक, माझ्या बागेच्या प्रमुखाची जागा तुझी. जागा मिळाली की आपोलेनाशी लग्न. साखरपुड्याला अकरा वर्षं झाली. दोघंही समंजस आहोत, घाई कोणालाच नाही.

निघताना ती काही बोलली नाही. मलाही काही वाटलं नाही. शास्त्राच्या माणसाला हे बरं असतं.

१० एप्रिल
लोवचेन रद्द. वर बर्फ आहे, असं राडुले म्हणाला. राडुले म्हणजे इकोनियाचा नवरा. दिवसभर दारात बसून चिलीम ओढतो. मी एकटा जातो म्हटलं. तर म्हणे, पाहुण्याला एकटं सोडलं आणि काही झालं तर आमच्या सात पिढ्यांचं नाक कापलं जाईल. मग तुम्ही चला बरोबर, म्हटलं. तर म्हणे, गवताचा भारा घेतलेल्या पुरुषाबरोबर मला कोणी पाहिलं तर आठव्या पिढीचंही जाईल.

अडचण रास्त आहे.

१७ एप्रिल
बूट वाळत घातलेत. इकोनियानं विचारलं, काय हो पाहुणे, तुमच्या मुलखात गवत उगवत नाही का? म्हटलं, उगवतं, पण ते सगळं आम्हाला माहीत झालंय. ती म्हणाली, बाई बाई, आमची गायसुद्धा इतके नखरे करत नाही.

यापुढे अडाण्यांना शास्त्र समजावणार नाही.

१८ एप्रिल
राडुलेला शास्त्र समजावलं. झोपला.

२ मे
आपोलेनाचं पत्र. चार ओळी. आईचा गुडघा, बटाटे लावले, छप्पर गळतं, दुरुस्त केलं. कोणत्याही पुरुषाचं नाव नाही. पुन्हा पुन्हा वाचून खात्री करून घेतली. मग निर्धास्त झालो. उत्तरात इथल्या चुनखडीच्या खडकाबद्दल सविस्तर लिहिलं. तिला आवडेल.

बर्फ वितळलं म्हणतात. पण आता चिखल असणार.

९ मे
पानांच्या फळ्यांवर वजनाला ठेवलेले दगड इकोनियानं उचलून नेले. चीज दाबायला हवे होते. चीज थांबत नाही बाबा, गवताला काय घाई, म्हणाली. मी आवाज चढवला. तेव्हा तिनं दगडांच्या जागी चीजचे दोन गोळे आणून ठेवले. वजनाशी मतलब. कागदांना थोडा वास लागतोय, पण वास पोस्टात उडून जाईल.

२१ मे, सकाळी
सापडलं!

घरामागच्या भिंतीलगत. रानतुळशीच्या कुळातलं करडं झुडूप, पानांवर लव. इतके दिवस हात धुवायला तिथेच जात होतो. याला घारीची नजर हवी, ती आज कामी आली. पानाचा शेंडा निमुळता नाही. चावल्यासारखा तुटका, काठ वेडावाकडा, आणि दोन पानं एकसारखी नाहीत. मजा म्हणजे कमरेच्या वरच्या फांद्यांना साधी टोकदार पानं. एकाच झाडाला दोन तऱ्हेची! युरोपातल्या एकाही ग्रंथात अशी नोंद नाही. शारका नावाची शेळी तिथेच बांधलेली असते, तिनं बराच व्यत्यय आणला. तरी काम पुरं केलं.

बॅरनसाहेबांना लिहिलं, 'डोंगराच्या खडतर उतारावर आढळ.' घर उतारावरच आहे.

नव्या झाडाला स्वतःचंच नाव देणं रीतीला धरून नाही. आपोलेनाचं दिलं. बायकोला दागिने काय, कोणीही करतो.

इकोनिया म्हणाली, अहो, हे तर आमची शारका खाते ते. नोंद केली: जनावरांनाही मानवते.

३० जून
पार्सल गेलं. लोवचेनची आता गरज उरली नाही. जागा मिळाली असं धरून चालायला हरकत नाही. हाताखालच्या माळ्यांना कसं वागवायचं याची राडुलेवर तालीम केली. उठून कुंडी आण, म्हटलं. त्यानं बंदूक जवळ ओढली. प्रागचे माळी इतके तापट नसतात.

१९ जुलै
आपोलेनाचं पत्र. 'पत्रं मिळाली. खडकाबद्दल कळलं. आईला बरं आहे.' बस. याही वेळी कोणा पुरुषाचं नाव नाही. प्रेम मुरलं की शब्द कमी लागतात. पुरावा म्हणून राडुले आणि इकोनियाकडे बोट दाखवता येईल, एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. तसं इकोनियाला सांगितलं. ती म्हणाली, बोलतो की. पण तुम्ही सारखे तुमचंच सांगत असता, तुम्हाला कुठून ऐकू येणार!

तिला विनोदाची थोडी जाण आहे.

५ ऑगस्ट
शेवटी लोवचेनला निघालो. केवळ पायांना व्यायाम म्हणून. पहिल्या वळणावर ओझी घेऊन जाणाऱ्या बायका भेटल्या. एकीनं तिचा भारा क्षणभर धरायला दिला. भारा घेऊन मी खाली बसलो तो उठताच येईना. त्यांनीच उठवलं. हसत होत्या. सोबत खालीच आलो, एवढ्या बायकांना एकटं कसं सोडायचं.

जेवायला मक्याचा घाटा आणि चीज. चव लागली नाही. हल्ली कशाचीच लागत नाही. प्रकृती उत्तम.

२ सप्टेंबर
बॅरनसाहेबांचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

'पान चावल्यासारखं नाही, चावलेलं आहे. प्रोफेसरांनी भिंगाखाली शेळीचे दात पाहिले. झाड तेच, जे कोतोरच्या बाजारात खोकल्याच्या काढ्यासाठी पेंढीनं मिळतं. गठ्ठ्याला चीजचा वास होता. प्रोफेसरांच्या मांजरीनं तिसरा नमुना खाल्ला. प्रमुखाची जागा आम्ही भरली आहे. कळावे.'

वाचलं. घडी घातली. काही विशेष वाटलं नाही. शेळीच्या दातांमुळे पानांना येणाऱ्या आकारांवर आजवर कोणी लिहिलेलं नाही, हे मात्र लक्षात आलं. विषय मोठा आहे.

शिवाय प्रमुख आला म्हणजे त्याला उपप्रमुख लागणारच. आपोलेनाला तसं लिहून टाकलं.

शारकाकडे गेलो. ती खात होती. तिला काय बोलणार.

११ सप्टेंबर
दुपारी इकोनिया आणि चारजणी कोतोरहून ओझी घेऊन आल्या. मला आलेलं पत्र इकोनियाच्या पाठीवर पिठाच्या पोत्यात खोचलेलं होतं. आपोलेनाचं.

'प्रोकोप, मी तुझी वाट बघणं थांबवलं आहे. दुसरं कोणी नाही, तसा संशय घेऊ नकोस. रागही नाही. परवा बटाटे काढताना लक्षात आलं की कित्येक दिवसांत मी वाट बघितलेलीच नाही. आणि तरी दिवस नीट गेले. अंगठी तुझ्या बहिणीकडे दिली आहे. तब्येतीला जप.'

पुरुषाचं नाव शोधलं. नाही. असतं तर बरं झालं असतं, त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

उंबऱ्यावर बसलो. उकडत होतं म्हणून टोपी काढली. इथे पुरुष बोडक्या डोक्यानं उंबऱ्यावर बसला की घरात कोणी गेलं असं समजतात. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी सुचलं नाही. इकोनियानं पोतं खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, कोण हो? मी म्हटलं, आपोलेना. मेली असं मी म्हणालो नाही. तिनं कोण विचारलं, मी नाव सांगितलं.

राडुलेनं चिलीम विझवली. तो चिलीम विझवतो हे आजच पाहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, भावा.

बायका ओझी टाकून ओळीनं बसल्या. इथे गेलेल्या माणसाचं एकेक आठवत, गाणं जुळवत रडतात. त्याशिवाय गेलेल्याचा जीव सुटत नाही, असं मानतात. इकोनिया मोठी रडणारी, आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणी येतात. आता तुझ्या माणसाचं सांग बाबा, म्हणाली, बाकी आम्ही बघतो. पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

म्हटलं, चांगली होती. ती म्हणाली, ते सगळेच असतात. उंच की ठेंगणी? म्हटलं, मध्यम. हसायची कशी? गात होती का? रागवली की काय करायची? मी आठवायला लागलो. छप्पर, बटाटे, गुडघा, पत्रातलं तेवढं आठवलं. आईच्या गुडघ्याचं सांगितलं. एका म्हातारीनं मान हलवली, पण त्यावर कोणाला रडता येईना.

मग इकोनियानं सोपा प्रश्न विचारला. डोळे कसे होते?

शारकानं खाल्लेल्या पानाची लव मी डोळे मिटून सांगू शकतो. खालच्या बाजूला दाट, शिरेलगत विरळ. डोळ्यांचं मी म्हटलं, निळे. मग म्हटलं, नाही, करडे. बायका थांबल्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. अकरा वर्षं, आणि मला सांगता येईना. बरं न होणाऱ्या आजाऱ्याकडे बघतात तसं इकोनियानं माझ्याकडे पाहिलं.

राहू दे, म्हणाली. निळे धरू.

आणि त्या निळ्या डोळ्यांसाठी रडायला लागल्या. खरं पाणी काढून रडल्या, मधेच कोणी स्वतःच्या भावाचं नाव घेतलं, कोणी मुलीचं. राडुलेसुद्धा नाक पुसत होता. मी एकटाच कोरडा बसलो होतो. फार लाज वाटली.