सिंह की हत्ती

प्रिय चिमणे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर माझं आहे, तेव्हा फोडशील अशी आशा आहे. फक्त 'सफारी' हा शब्द दिसला म्हणून कागद चुरगळू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग खुशाल चुरगळ.

तर, हत्तींचं ठरलंय. तुझ्या बाबांनी पियानो जुळवायचं काम थांबवलं की जंगल बघायला जायचं, यावर तू शाळेत होतीस तेव्हापासून आमचं घोडं पेंड खात होतं. यंदा, काम चालू असतानाच, ते हललं. मी रोज संध्याकाळी वाचनालयातून येताना प्राण्यांची पुस्तकं आणायची आणि हे जेवताना ताटाच्या कडेखाली पान दाबून वाचायचे. आयुष्यभर लोकांना पुस्तकांवरच्या डागांवरून बोलणारी मी, आता घरीच डाग पुसत बसते. जागा तीन होत्या. एक पाणथळ, जिथे हिवाळ्यात लाखभर पक्षी उतरतात. दुसरा सिंहांचा गवताळ माळ. आणि तिसरं हत्तींचं रान. मला वाटलं, यात ठरवायचं ते काय? तुला खांद्यावर घेऊन गच्चीत डोळे मिटून उभा राहणारा आणि नुसत्या आवाजावरून नऊ-नऊ पक्षी सांगणारा माणूस हा. तुझा आवाज बारीक म्हणून तुला चिमणी म्हणायला सुरुवात केली तीही यांनीच. पण पाणथळीची माहितीपुस्तिका यांनी पहिल्याच दिवशी घडी करून टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली. म्हणाले, पक्षी काय, कुठेही दिसतात. मी हसले आणि सोडून दिलं. तिथे सोडायला नको होतं.

त्यानंतर तुझ्या नवऱ्याचा फोन आला. मी पिशवीत हाताला लागतील ते कपडे कोंबत होते. हे दारात येऊन काय झालं विचारत होते, आणि मी पाठमोरीच म्हणाले की तुम्हाला ठाऊक आहे ना सगळं, तिने तुम्हालाच आधी फोन करून सांगितलंय, असं जावई म्हणाले. वळून पाहिलं तर हे 'हो' अशी मान हलवत होते. मी तुझ्याकडे आठ दिवस राहिले. त्यात तू त्यांच्याबद्दल एकदाच बोललीस. "बाबांना मी सांगितलं, तर ते मला विचारतात, सिंह की हत्ती?" एवढं बोलून भिंतीकडे तोंड केलंस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मनात यांचे सगळे जुने गुन्हे मोजत राहिले.

परत आले ती अबोला घेऊनच. त्यांनी विचारलं, पोरगी कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. त्यावर समाधान मानून माणूस पुस्तकात! एका संध्याकाळी मला मोठ्याने वाचून दाखवायला लागले, की पिल्लू गेलं तर हत्तीण तिथेच उभी राहते, कितीतरी वेळ हलत नाही. मी ताट तसंच टाकून बाहेर निघून गेले. एकेचाळीस वर्षं दगडाशी संसार केला असं वाटलं. तुला नाही सांगितलं, पण तुझ्याइतकीच मीही त्यांच्यावर रुसले होते.

मागच्या मंगळवारी संगीतशाळेच्या बाई वाचनालयात आल्या. कुठलंच पुस्तक न घेता कपाटांपाशी घुटमळत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, की यांनी गेल्या तीन वेळा पियानो जुळवला, पण उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्या बेसूरच राहिल्या. मुली हसतात. "येऊ नका असं त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही, तुम्ही जरा त्यांचे कान डॉक्टरांना दाखवून घ्या," म्हणाल्या.

घरी आले तर हे माझ्याकडे पाठ करून टेबलाशी बसलेले, पुढ्यात ते हत्तींचं पुस्तक. मी दारातच उभी राहिले. चपलाही काढल्या नाहीत. मग रोजच्या आवाजात म्हटलं, "चिमणीचं बाळ गेलं." त्यांनी पान उलटलं.

मग मी पुढे जाऊन समोर बसले. त्यांनी बराच वेळ आढेवेढे घेतले, आणि मग एकदम सगळं सांगितलं. दीड वर्ष झालंय. आधी पक्षी गेले, मग घंटा, मग पियानोचं उजवं टोक. खालचे सूर अजून येतात. डॉक्टर म्हणाले, राहिलंय तेवढं जपा. समोर तोंड दिसलं की निभावतं, नाही कळलं की मान हलवतो. पाणथळ नको, कारण लाख पक्षी चोची उघडताना बघायचे आणि ऐकू काही यायचं नाही, ते सोसवणार नाही. सिंहाची डरकाळी ऐकू येईल, पण हत्ती म्हणे एकमेकांशी इतक्या खालच्या आवाजात बोलतात की ते कुठल्याच माणसाला ऐकू येत नाही. "तिथे सगळेच माझ्यासारखे," म्हणाले, आणि हसायला गेले, पण ते जमलं नाही.

तुला यातलं काही कळवायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. ते मी आता मोडते आहे, कारण मी तुझ्या फोनबद्दलही विचारलं. म्हणाले, फोनवर चिमणीचा आवाज म्हणजे नुसती सळसळ. ती थांबली की मी काहीतरी विचारतो, म्हणजे गप्पा चालू राहतात. त्या दिवशी खूप वेळ बोलली, मला फार बरं वाटलं. मग मी विचारलं, सिंह की हत्ती, आणि तिने फोनच ठेवला. सारखं तेच विचारतो म्हणून कंटाळली असेल. चिमणे, बाळ होणार होतं हेसुद्धा त्यांना माहीत नाही; तेही तू फोनवरच सांगितलं होतंस. मी समोर बसले होते, सांगू शकले असते, पण ते सांगणं तुझं आहे. तू रडत रडत सगळ्यात आधी त्यांना फोन केला होतास, ते सांगणं अजून त्यांच्यापर्यंत पोहोचायचंय. हत्तींच्या रानाला आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय, गाडीत तिसरी जागा सांगून ठेवली आहे. तिथे ये, नाहीतर त्याआधी घरी ये. त्यांच्या समोर, उजेडात बस. बारीक आवाजात नको, खालच्या सुरात, सावकाश बोल. आणि त्यांनी नुसती मान हलवली, तर पुन्हा सांग.

वाट बघणारी, तुझीच,
आई