मनकर्णेने पाठवलेल्या दोऱ्या

१० जानेवारी १८६४, अमरावती
दर्यापूरहून सासऱ्यांचा निरोप: मुलगा झाला, मनकर्णा बरी आहे. आनंद झाला. पण मी दवाखान्यात कंपाउंडर, नुसत्या आनंदावर थांबून कसे चालेल? तान्ह्या मुलाची मूत्रपिंडे कशी वाढतात यावर ग्रंथ लिहिणार. दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांच्या बुकात जेमतेम अर्धे पान आहे.

१२ जानेवारी
मनकर्णेला लिहिता येत नाही. दर्यापूरहून कापूस आणणाऱ्या शालिकरामजवळ सुताच्या दोऱ्या दिल्या. तो तिकडून निघण्याच्या आदल्या दिवशी मनकर्णेने मोजायचे. लंगोट ओला झाला की एक गाठ.

२० जानेवारी
सहा गाठी. बुक बरोबर आहे. तान्ह्याची मूत्रपिंडे कच्ची, लघवी दाट करता येत नाही, म्हणून पाणी भराभर सोडतात. मनकर्णेने विचारले आहे, कधी येता? कापसाला भाव आल्यापासून भाड्याने गाडी मिळत नाही. शालिकराम म्हणतो, "माही गाडी रिकामीच जाते, बसा." रिकाम्या गाडीत हादरे फार.

२३ जानेवारी
बारशाला गेलो नाही. अभ्यासाला अंतर लागते.

३१ जानेवारी
अकरा! मूत्रपिंडे झपाट्याने वाढताहेत. घर शांत आहे, लिहायला उत्तम. भाकरी रोज एक उरते.

१४ फेब्रुवारी
सतरा! हे बुकात नाही. मूल कोणावर गेले, असे शालिकरामला विचारले. "जाऊन पाहा ना, डाक्टर." अडाणी माणूस.

२८ फेब्रुवारी
चोवीस!! तासाला एक. बुक चुकले, मी बरोबर. साहेबांना दाखवणार.

१० मार्च
दोरी कोरी. एकही गाठ नाही. लघवी बंद झाली! ग्रंथ गेला खड्ड्यात. शालिकरामच्या गाडीत बसलो आहे.

१२ मार्च, दर्यापूर
बाळ ठणठणीत. मांडीवर घेताच माझा सदरा भिजवला. मी सगळ्यांसमोर रडलो.

मग कोरी दोरी दाखवली. मनकर्णा म्हणाली, "पयली दोरी लंगोटाची होती. मंग तुमची वाट पाहाले मी जितक्यांदा दारात गेली, तितक्या गाठी मारल्या." ही कोरी का, विचारले. म्हणाली, "आता जात नाही."

घरी चल म्हटले. ती बाळाला घेऊन आत गेली.

१५ मार्च, अमरावती
एकटाच परतलो. साहेबांना काही दाखवायचे उरले नाही. सदरा अजून धुवायला टाकलेला नाही. अभ्यासासाठी ठेवला आहे.