घरात कायम राहणाऱ्या व्यक्ती

५ जून

चि. सौ. चिमीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चौपन्नाव्या वर्षी ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून इंटिरिअरच्या कॉलेजात जायला लाज नाही का वाटत, असं विचारलंस. वाटते ना. पहिलं वर्षभर जिना चढतानाच कान तापायचे. आता दुसऱ्या वर्षात सवय झाली. वर्गातल्या मुली मला काकू म्हणतात, माझ्या रेघांना हसतात, आणि कुणाची शिवण उसवली की धावत माझ्याकडेच येतात.

पंचवीस वर्षं मी इंटिरिअरवाल्यांचे पडदे शिवले. कुठल्या खिडकीला किती चुणी, कुठल्या कापडाला किती अस्तर, हे त्यांनी मला विचारायचं आणि घरमालकिणीपुढे आपल्या डोक्यातलं म्हणून सांगायचं. तेव्हाच मनात होतं, एक दिवस सगळं घरच आपण काढायचं, खिडकीपुरतं नाही. तुझे भावोजी असते तर आधी पोट धरून हसले असते आणि मग ड्रॉइंगचा बोर्ड स्वतः उचलून वर आणून दिला असता.

आता मोठी बातमी. या वर्षी शेवटचं काम खऱ्या घरावर करायचं आहे. खरी माणसं, खरं सुतारकाम, आणि मार्चमध्ये परीक्षक तिथे येऊन पाहणार. घर मिळालं नाही तर डिप्लोमाही नाही. मुली घर शोधत रडकुंडीला आल्यात, आणि माझ्या मात्र दारात घर चालून आलं. ढब्बूने नवा फ्लॅट घेतला ना, चार खोल्यांचा. आपणहून म्हणाला, आई, तूच कर. (तिशी ओलांडलेल्या माणसाला ढब्बू म्हणू नये हे मला कळतं. जीभ ऐकत नाही.)

शिवाय आमची ही इमारत मार्चअखेर पाडणार आहेत. खालचं पडद्याचं दुकानही जाईल आणि माझ्या वरच्या दोन खोल्याही. म्हणजे बघ कसं जुळून आलं. जे घर करायचं त्यातच राहायला जायचं. चौथी खोली लहान आहे, पण खिडकी सुरेख आहे. तिथे मशीन कुठे बसेल ते मी मोजूनही आले. सूनबाईचं काय म्हणशील तर ती काहीच म्हणत नाही. लग्नाला सात वर्षं झाली, हसते तीसुद्धा टेप लावून मोजल्यासारखी. तिला आवडणार नाहीच, पण घर काही तिच्या एकटीचं नाही.

तुझ्या ह्यांना नमस्कार. आठवण ठेव, पत्र लवकर टाक.

तुझी ताई

१४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, ताईंना सांग, डिप्लोमा मिळाल्यावर पहिल्यांदा आमची चपलांची जागा ठरवून द्या, गेली वीस वर्षं मी कुणाच्या ना कुणाच्या चपलेवर आपटतोय.

थट्टा राहू दे. ताई, ढब्बूने घर कर म्हटलं, ते मला कळलं. राहायला ये, असं त्याने म्हटलं का? तुझ्या चार पानांत मला ते वाक्य कुठे दिसलं नाही. बाजारात तुरी असताना तू मशीन ठेवून मोकळी झालीस, म्हणून विचारते. आणि सुनेच्या डोक्यावर आधीच खापर फोडू नकोस. कमी बोलणारी माणसं वाईटच असतात असं नाही. आपले बाबा काय कमी बोलायचे?

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी चिमी

२ जुलै

चि. ढब्बू आणि चि. सौ. सूनबाई यांस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सोबत दोन फॉर्म आणि दोन पाकिटं पाठवते आहे. आमच्या मॅडमची पद्धत अशी आहे, की घर काढण्याआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचा, दुसऱ्याला न दाखवता, आणि पाकीट बंद करून द्यायचं. नवराबायकोनेसुद्धा. कोण किती वाजता उठतो, किल्ल्या कुठे टाकतो, कुठल्या हाताने दार उघडतो, घरात कुठल्या जागेवरून भांडणं होतात, सगळं त्यात आहे. फॉर्मवर ज्याचं नाव नाही त्याची खुर्चीही प्लॅनवर काढायची नाही, असा नियम आहे.

मॅडम म्हणतात, सगळ्यात बिघडतं ते घरच्यांचं काम, कारण घरची माणसं खरं सांगत नाहीत. गोड बोलतात आणि मग वर्षाने कपाटाला शिव्या देतात. तेव्हा ढब्बू, मी तुझी आई आहे हे साफ विसरून लिही. परक्या डिझायनरला लिहावं तसं. मला काय वाटेल याचा विचार करशील तर माझे मार्क जातील.

छोटीला पापा. तिला तिच्या खोलीचा रंग विचारून ठेवा, तिला फॉर्म नाही.

आशीर्वाद आहेतच.

तुमची आई

२० जुलै

चि. चिमीस आशीर्वाद.

फॉर्म आले. आधी ढब्बूचं पाकीट फोडलं. पहिलाच रकाना, घरात कायम राहणाऱ्या व्यक्ती. त्याने लिहिलंय, तीन. मी, पत्नी, मुलगी. खाली चौथ्या खोलीपुढे, पाहुण्यांसाठी, अधूनमधून वापर. आणि कंसात, उदाहरणार्थ आई, वर्षातून आठ-दहा दिवस.

अक्षर कसं स्वच्छ काढलंय. पाटीवर हात धरून मीच गिरवून घेतलेलं अक्षर.

सूनबाईचं पाकीट फोडायला मला संध्याकाळ झाली. म्हटलं, त्याने तीन लिहिलं ते हिच्याच सांगण्यावरून, आता हिचं काय वाचायचं? चिमे, तिने चार लिहिलंय. चौथ्या नावापुढे सासूबाई. मशीन खिडकीशी, उजेड डावीकडून पडावा. गुडघे दुखतात, म्हणून बाथरूममध्ये धरायला दांडी. पलंग बुटका नको, उठताना त्रास होतो. मी कुणापुढे कधी गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढलेला नाही. तिने ते बघितलं होतं. आणि मी सात वर्षं तुला पत्रातून तिची टिंगल लिहून पाठवत आले.

मला फार लागलं. कुणी तोंडावर नाही म्हटलं असतं तर भांडले असते. इथे मीच म्हटलं, विसर मी आई आहे म्हणून. त्याने आज्ञा पाळली. लहानपणी चार हाका मारल्याशिवाय जागचा हलायचा नाही, आणि आज पहिल्या हाकेला!

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला सांगू?

ताई

२९ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दुकानातून फोन कर आणि सरळ विचार. मालक कान टवकारून बसेल तर बसू दे, त्याचं दुकान तरी किती दिवस आहे आता? आपल्या आईचं घर पाडतायत हे ढब्बूला ठाऊक आहे ना? मग आईने जायचं कुठे, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही की आलं आणि तरी लिहिलं, एवढंच विचार.

आमच्याकडे जागा आहे, तू जाणतेसच. ह्यांनी लगेच म्हटलं, ताईंना आणू या. पण तू येणार नाहीस. बहिणीच्या घरी चार दिवस माहेरपण आणि पाचव्या दिवशी अडचण, हे तुझंच वाक्य.

एक विचारते. त्याने मनात काही जुनं धरलंय का? माझ्या मनात एक गोष्ट येते, पण ती लिहवत नाही. तुझ्याही मनात आली असेल तर तूच लिही.

जपून राहा.

चिमी

११ ऑगस्ट

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपले दोन्ही फॉर्म मिळाले. आभारी आहे. पहिल्या रकान्यात आपल्या दोघांची उत्तरं वेगळी आहेत. एकात व्यक्ती तीन, एकात चार. अशा वेळी डिझायनरने स्वतः निवड करायची नसते, असा आमच्याकडे नियम आहे. दोघांनी बसून एक उत्तर ठरवावं आणि नव्या फॉर्मवर दोघांच्या सह्या करून पाठवावा. त्याप्रमाणेच प्लॅन काढला जाईल.

ढब्बू, हा कागद मी मॅडमना दाखवून लिहिला आहे, म्हणून असा कोरडा आहे. मला फोनवर विचारायचं धाडस झालं नाही. तेवढंच खरं.

छोटीने भिंतीला पिवळा रंग सांगितला, तो धरला आहे.

कळावे.

आई

६ सप्टेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. फॉर्म सोबत आहे, दोघांच्या सह्यांचा. तीन लिहिलं आहे.

आता कारण सांगायलाच हवं. मी आठ वर्षांचा असताना आजी, बाबांची आई, आपल्याकडे राहायला आली. तू पॅसेजमध्ये तिची खाट टाकलीस आणि उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून मध्ये पडदा लावलास. तो पडदा दिवसाही उघडा नसायचा. आजी खोकली की तू मशीन जोरात चालवायचीस. बाबा पेपर तोंडासमोर धरून बसायचे, आणि मी शाळेतून आलो की आधी कुणाकडे जायचं याच विचाराने पाय जड व्हायचे. आजीकडे गेलो की तू जेवताना बोलायची नाहीस. दोन वर्षं चाललं ते. आजी गेली त्या आठवड्यात तू पडदा काढलास आणि त्याच्या पिशव्या शिवल्यास. एक मला दप्तर म्हणून दिलीस.

तू वाईट होतीस असं मी म्हणत नाही. दोन खोल्यांत किती माणसं मावणार! पण सासू-सून एका घरात आल्या की एकीला पडद्याआड जावं लागतं, एवढंच मला ठाऊक आहे. तू जावीस असं मला वाटत नाही. तिने जावं असंही नाही. आणि पेपर धरून बसणारा माणूस मला व्हायचं नाही.

तुझ्यासाठी जवळपास एखादी खोली बघतो. चौथी खोली तुझीच समज, हवी तेव्हा ये. रागावू नकोस. काम मात्र तूच कर.

तुझा ढब्बू

ता. क. सासूबाई, मी चारच लिहिलं होतं. पंधरा दिवस आमचं यावरून वाजलं. शेवटी सही केली, कारण ज्या घरात एकाला तुम्ही नकोत तिथे तुम्हाला ओढून आणणं मला बरं वाटेना. माझं चुकलं असेल. बाथरूममध्ये दांडी तरी लावाच.

१९ मार्च

चि. ढब्बू,

तुझ्या सप्टेंबरच्या पत्राला आज उत्तर देते. सहा महिने सकाळच्या गाडीने येत होते, संध्याकाळच्या गाडीने परत जात होते, आणि साइटवर तू आणि मी बिजागऱ्या, पॉलिश आणि छोटीच्या पिवळ्या भिंतीबद्दल बोललो. सुतार एकदा मला म्हणाला, बाई, साहेब तुमच्याशी फार अदबीने वागतात.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पडदा मी शिवला. मशीन मी जोरात चालवलं. पिशव्यांचं मी विसरले होते, तू विसरला नाहीस. आजीला खाट कुठे हवी, उजेड कुठून हवा, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. हे मला कॉलेजात कळलं, फार उशिरा, आणि कळलं तेव्हा सांगायला समोर कुणी नव्हतं. हे मी तुझ्या चिमी मावशीलासुद्धा लिहिलं नाही. तिला ते आधीच ठाऊक होतं.

पण एक तुझंही ऐक. बाबांसारखं गप्प बसायचं नाही म्हणतोस, आणि सात वर्षं तूही गप्पच बसलास. घर कर म्हणालास तेव्हा, इमारत पाडणार हे कळलं तेव्हा, मी चौथी खोली टेपने मोजत होते आणि तू टेपचं दुसरं टोक धरून उभा होतास तेव्हासुद्धा. तेव्हा म्हणाला असतास तर मी रडले असते, भांडले असते, आणि जेवून गेले असते. तू वाट पाहिलीस ती छापील रकान्याची. आजीचं निमित्त खरं आहे, पण ते तुला सोयीचंही पडलं. हे मी आई म्हणून लिहिते आहे, तेव्हा विसरू नकोस.

माझ्यासाठी खोली बघू नकोस. आमच्या मॅडमनी त्यांच्या ऑफिसात ड्रॉइंगच्या कामावर घेतलं आहे. तिथून चालत दहा मिनिटांवर एक खोली मिळाली. मशीन हलवलं. पत्ता पाकिटामागे आहे. सूनबाईला म्हणावं, दांडी लावली आहे, भक्कम आहे, तिच्या म्हातारपणापर्यंत हलायची नाही. तिला आणि छोटीला इकडे यायचं असेल तर आधी कळवायची गरज नाही. तू ये, पण कळवून ये.

डिप्लोमा मिळाला. वर्गात दुसरी आले. महिन्याच्या सुरुवातीला परीक्षक घर बघायला आले तेव्हा तू कामावर होतास. सगळ्या खोल्या फिरले, कपाटं उघडून पाहिली, चौथ्या खोलीत खिडकीशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, इतकी चांगली जागा पाहुण्यांना कोण देतं? मी म्हटलं, फॉर्ममध्ये तसं होतं. उतरताना जिन्यात त्यांनी विचारलं, हे क्लायंट तुमचे कोण लागतात?

मी सांगितलं, कुणी नाही, ओळखीचे आहेत.

कळावे.

आई