समोरच्या खोलीची फरशी

इंदोरा, नागपूर
१६ एप्रिल २०२५

चि. अंकुश यास आईचे अनेक आशीर्वाद. सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर मी चिडले की तू आवाज कमी-जास्त येतोय म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहिते आहे. कागदाला रेंज लागत नाही.

काल दुपारी सीताबर्डीच्या दुकानातून प्रीतम नावाचा माणूस आला. सरळ समोरच्या खोलीत शिरला, टेप काढली आणि भिंती मोजायला लागला. काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणाला, साहेबांनी पुण्याहून ओकचं लाकूड पसंत केलंय, या फरशीच्या वरच बसवून देऊ, तोडफोड नाही, धूळ नाही. साहेब म्हणजे तू. राहायचं मी, झाडायचं-पुसायचं मी, आणि पसंती पुण्यातून. मला तो आजी म्हणाला, तेही ऐकून घेतलं. चहा पाजला आणि परत पाठवलं.

जाताना नमुन्याचे तुकडे ठेवून गेला. एक तुझा ओक, एक सागवान, एक बिजा, आणि एक ज्याला तो लाकूड म्हणत होता. तो दाबलेला भुसा आहे, वर लाकडाचा फोटो चिकटवलेला. किराण्याच्या पुड्यांवरची अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले, तेव्हा छापलेलं काय आणि खरं काय एवढं मला ओळखता येतं. वाचनालयातून लाकडावरचं पुस्तक आणलं. चारही तुकडे कूलरच्या तोंडाशी मांडून ठेवले आहेत. बघू कोण टिकतं.

अरे, हे नागपूर आहे. मेमध्ये कूलरची ओल, मग पावसाची ओल, आणि थंडीत अशी कोरडी हवा की ओठ फुटतात. थंड मुलखातलं लाकूड इथे आणून टाकलं तर ते फुगेल आणि आकसेल, आणि फटींतून झुरळं मी काढू का?

आणि आत्ताच्या फरशीला झालं काय? तुझ्या लग्नाच्या वेळी तूच हौसेने बसवलीस. तोंड दिसतं म्हणून येईल त्याला दाखवत होतास. एवढ्यात कंटाळलास?

उत्तर कागदावरच दे. मिनलला आणि रोशनीला आशीर्वाद. लोभ आहेच, पण सध्या राग त्याच्या वर बसला आहे.

तुझी आई,
प्रेमिला


पुणे
२३ एप्रिल २०२५

ती. स्व. आईस, सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. प्रीतमचा फोनही आला. दुसऱ्यांदा तो सामान घेऊन आला तर तू दारात खुर्ची टाकून बसलीस आणि उठलीच नाहीस, असं तो म्हणाला. आई, हा काय प्रकार आहे? दुकानात माझं हसं झालं.

ओक मी विचार करून निवडलं आहे. त्याचा रंग फिका आहे, त्यावर पाणी सांडलं की डाग लगेच दिसतो. वरचा थर खरखरीत ठेवायला सांगितला आहे. तू फुगण्याचं म्हणतेस, तर कूलर काढून टाक. मी एसी बसवून देतो. तो कूलर मला त्या घरात तसाही नको आहे.

बाबांच्या स्मृतिदिनाच्या आधी ती फरशी झाकली गेली पाहिजे. नाही झाली तर मिनल आणि रोशनी येतील, मी येणार नाही. कारण विचारू नकोस. प्रत्येक गोष्टीचं कारण आणि पुस्तक नसतं.

तब्येतीला जप. गुडघ्याचं तेल पाठवलं आहे. कृपा असू द्यावी.

तुझा,
अंकुश


इंदोरा, नागपूर
२९ एप्रिल २०२५

प्रिय सुभद्रा हीस वहिनीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

कन्हानला ऊन कसं आहे? इथे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. तुझ्या लाडक्या भाच्याचं पत्र सोबत पाठवते आहे. वाच आणि मला सांग, मी याला जन्म दिला की यानं मला.

फरशी झाकली नाही तर येणार नाही म्हणतो. बापाच्या स्मृतिदिनाला. बाप वारल्यावर पुण्यानुमोदनाला दोन दिवस राहिला आणि कामाचं निमित्त करून गेला. मागच्या वर्षी आला तेव्हा मागच्या दारानं आला, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानं जेवला, वंदनेला सगळे समोरच्या खोलीत बसले तर हा अंगणात मांडववाल्याशी बोलत राहिला. मी म्हटलं, मोठा साहेब झाला, आपल्या घरात बसायची लाज वाटते. आता कळलं, खरंच लाज वाटते. मिनलच्या माहेरी लाकडाची जमीन आहे ना, तिथं बघून आला असेल.

हे मौद्याच्या वीज केंद्रातून घरी यायचे तर चपला दारात काढून पहिल्यांदा याच खोलीत भिंतीला टेकून बसायचे. ती जागा मी रोज पुसते. तिच्यावर विलायती फळ्या ठोकणार आणि मी बघत बसणार, असं त्याला वाटतं. मी कुणाशी भांडत नाही, तुला माहीत आहे. हे गेले तेव्हाही ओरडले नाही, कुणाला बोल लावला नाही. पण या वेळी मी दारातून उठणार नाही.

तू त्याला फोन कर. तुझं ऐकतो. तुझ्या भावाच्या घरावर तुझाही हक्क आहे, तो या कामी लाव.

तुझी वहिनी,
प्रेमिला


कन्हान
५ मे २०२५

आदरणीय वहिनीस सुभद्राचा सविनय जयभीम, वि. वि.

फोन केला. पहिल्यांदा त्यानं उचलला नाही, दुसऱ्यांदा मिनलनं उचलून त्याच्या हातात दिला. मी म्हटलं, काहून रे, आईले दारात बसवून राहिला, शरम नाही वाटत? मी अजून दोन शिव्या दिल्या, तुम्हाला लिहून सांगत नाही. मग मला त्याच्या श्वासाचा आवाज आला आणि मीच थांबले.

वहिनी, लाज वगैरे काही नाही. मिनलच्या माहेरच्या लाकडाशीही काही संबंध नाही. दादा ज्या दिवशी पडला, त्या सकाळी कूलरचं पाणी खिडकीतून आत आलं होतं. त्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर ते दिसलंच नाही. दादा मोटर बंद करायला उठला, घसरला आणि तिथेच गेला. हे तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही तिथेच होत्या. पण ती फरशी अंकुशनं निवडली होती. दादा म्हणत होता की चपला सरकतात, हा म्हणाला सवय होईल. दोन वर्षं पोरगं हेच घोकून राहिलं. त्या खोलीत पाय टाकला की त्याले तेच दिसते. आत्या, मी लावलेली फरशी, एवढंच म्हणाला आणि फोन मिनलकडे दिला.

मिनल म्हणाली, घरात रोशनीच्या दुधाचा एक थेंब खाली सांडला तरी हा फडकं घेऊन धावतो.

आता माझा राग तुमच्यावर आहे. भडाभडा बोलणारी बाई तुम्ही कधीच नव्हत्या, पण दादा गेल्यावर तर तोंडाला कुलूपच लावलं. तुम्ही त्याला काहीच बोलल्या नाहीत, म्हणून त्यानं मनानं सगळं बोलून घेतलं. मी मध्ये पडणार नाही आता. तुम्ही दोघं एकमेकांचं बघा.

तब्येत सांभाळा, आणि या गरिबाकडे कधी चक्कर मारा.

तुमची,
सुभद्रा


इंदोरा, नागपूर
९ मे २०२५

चि. अंकुश यास आशीर्वाद. जयभीम. बाकीचे मायने आज नाहीत.

सुभद्राचं पत्र वाचलं. आधी रडू यायला पाहिजे होतं, पण राग आला. अजून आहे.

तुझी समजूत काढायला मी खोटं लिहिणार नाही. फरशी तू चुकीची निवडलीस. बाबांनी सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. हे खरं आहे आणि ते तुला आयुष्यभर खरंच राहील. पण चुकीची फरशी निवडणं आणि बापाला मारणं यात फरक आहे. तो तुला कळू नये, इतका शिकून, याचा मला राग आहे. आणि मी तुला दोषी धरून बसले आहे असं तू दोन वर्षं समजलास, एकदाही विचारलं नाहीस, त्याचा त्याहून जास्त.

आता लाकडाचं ऐक. तो फोटोवाला तुकडा कूलरपुढे तिसऱ्याच दिवशी कडेनं फुगला, पाण्यात पडलेल्या टोस्टसारखा. बिजा मजबूत आहे, पण ओल्या फडक्यावर रंग सोडतो. तुझा ओक एका बाजूनं उचलला गेला, जमिनीवर ठेवला तर डुगडुगतो. सागवान होतं तसंच आहे. त्यात त्याचं स्वतःचं तेल असतं, वाळवीही त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून सागवान. अरुंद पट्ट्या, वर चकाकणारं पॉलिश नाही, नुसतं तेल. भिंतीपाशी फट सोडायची म्हणजे फुगायला जागा राहते. आणि पट्ट्या आधी याच खोलीत, कूलर सुरू ठेवून, पडू द्यायच्या. ज्या हवेत राहायचं ती हवा त्यांना आधी लागू दे. कूलर काढणार नाही. त्याचा पाइप बदलून घेतला आहे.

हे सगळं स्मृतिदिनापर्यंत होणार नाही. तुला लाकूड आधी पाहिजे होतं, कारण तुला फरशी झाकायची होती. वरून कितीही चांगलं लाकूड टाकलं तरी खाली ती असणारच आणि तुला ती माहीत असणारच. म्हणून झाकायची नाही. उखडायची. मजूर लावणार नाही. तू लावलीस, तू काढ. हातोडा आणि छिन्नी शेजारून मागून ठेवते.

समोरच्या दारानं यायचं. मागचं दार मी आतून लावून घेणार आहे.

रागासकट तुझीच,
आई


इंदोरा, नागपूर
२४ मे २०२५

प्रिय सुभद्रा हीस सप्रेम जयभीम, वि. वि.

तू स्मृतिदिनाला तापामुळे येऊ शकली नाहीस, म्हणून सगळं लिहिते. डॉक्टरकडे गेलीस की घरचेच काढे चालू आहेत?

अंकुश आधीच आला. समोरच्या दारात बॅग घेऊन उभा राहिला आणि आत येईना. रोशनी मात्र त्याच्या पायांमधून सुटून रांगत थेट खोलीच्या मधोमध गेली. तेव्हा तिच्यामागे तो धावत आत आला. तिला उचलून मिनलकडे दिलं आणि कपडेही न बदलता हातोडा कुठे आहे म्हणून विचारलं.

पहिली फरशी निघता निघेना. चांगली बसवली होती मेल्यांनी. मग एक तडकली आणि त्यानं हातोडा खाली ठेवला. म्हणाला, आई, तू मला एक शब्दसुद्धा बोलली नाहीस, मला त्याचीच भीती वाटत होती.

मग मी बोलले. सुभद्रा, मला माहीत नव्हतं माझ्यात एवढं आहे. फरशीवरून सुरू केलं, ते सवय होईल म्हणाला त्यावरून, मग अंगणात मांडववाल्याशी बोलत बसला त्यावरून, मग तुझ्या दादावरून. पाणी आत येतंय हे कळलं होतं तर थांबायचं, मोटर बंद करायची एवढी कसली घाई, मला हाक मारायची होती, असं त्यांनाही बोलले, ते समोर असल्यासारखी. मिनल पोरीला घेऊन शेजारी जाऊन बसली. अंकुश खाली मान घालून ऐकत होता आणि फोडत होता. रडत होता की घाम होता, मी विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत अर्धी खोली निघाली. खाली खडबडीत सिमेंट आहे. स्मृतिदिनाची वंदना त्याच्यावर चटया टाकून झाली. अंकुश पुढे बसला. सागवानाचं अजून ठरत नाही, त्याला रुंद पट्ट्या पाहिजेत, मला अरुंद. कालही त्यावरून दोघांचे आवाज चढले.

तुला एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी सगळं बोलून झालं आणि मला भूक लागली. तिथेच धुळीत बसून त्यानं आणि मी भाकर आणि कांदा खाल्ला. हे गेल्यापासून मी जेवायची वेळ झाली म्हणून जेवत होते. त्या दिवशी भूक लागली म्हणून जेवले, आणि दुसरी भाकर मागून घेतली.

ताप उतरला की ये. बसायला अजून चटईच आहे.

तुझी वहिनी,
प्रेमिला