नानांच्या गालावरचे व्रण

नाना, तुमचं चित्र काढायला घेतलं आणि तुम्हीच आडवे आलात. देवपूरच्या घरातला तुमचा एकुलता एक मोठा फोटो समोर ठेवला, भिंग लावलं, तर गाल गुळगुळीत! देवीचे व्रण गायब. स्वतःच्याच फोटोवर टचिंग करून मोकळे झालात. फोटोतला तीळ, सुरकुती, घामाचा थेंब जसाच्या तसा कॅनव्हासवर उतरवायचा, बघणाऱ्याने फोटोच समजावा, हे माझं काम. आणि माझ्या बापाचाच फोटो खोटा! चिडले मी, खरंच चिडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता ते गाल कुठून आणू?

मग तुमचा स्टुडिओ आठवला. गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन लोक यायचे आणि तुम्ही त्यावरून मोठी रंगीत चित्रं करायचात. असोद्याच्या एका म्हातारीचं चित्र तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. जन्मभर केळीच्या बागेत राबलेली बाई; बोटांवरचे चिकाचे काळे डाग मी एकूणएक रंगवले. तुम्ही बघताय, मान हलवताय, आणि मी कौतुकाची वाट पाहतेय. "पोरी, लोक इथे रडायला येतात, तपासायला नाही," एवढंच म्हणालात आणि माझ्यादेखत तिचे हात लोण्यासारखे करून टाकलेत. मी अबोला धरला. शेवटी तुम्हीच तुमचा सगळ्यात बारीक ब्रश माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलात. "डागच रंगवायचे तर नीट तरी रंगव." त्याच ब्रशवर आज माझं घर चालतं, नाना.

गेल्या महिन्यात आईला माझ्याकडे जळगावला आणलं. फोटोवरून गुळगुळीत गालांचंच केलेलं चित्र तिने पाहिलं आणि म्हणाली, "हाऊ कोन शे?" म्हटलं, नानाच की. "चाल! तुना नाना इतला चिकना नव्हता." मग ती पुढे आली, डोळे मिटले आणि तुमच्या गालावर बोट ठेवलं. "आठे एक व्हता. आठे दोन, जोडीना. नि कानजोडे हाऊ, दाढी करतांना आठेच रगत निंघे." बोट कुठेही अडखळत नव्हतं. जिथे ते टेकलं तिथे मी खूण करत गेले, आणि पुढचे काही दिवस ती शेजारी बसून चुका दाखवायची, मी रंगवायचे. भांडलोही आम्ही. इतकं हसलो मात्र कित्येक वर्षांत नव्हतो.

काल शेवटचा व्रण झाला. आई चहाचा कप घेऊन आत आली, चित्राकडे पाहिलं आणि तिचा हात आपोआप पदराकडे गेला. तुम्ही स्टुडिओतून घरी आलात की घ्यायची, तसा तिने डोक्यावर पदर घेतला. मला रडू आलं, आणि फार बरंही वाटलं.

हे पत्र तुमच्या ब्रशच्या डब्यातच ठेवतेय. फक्त एक सांगायचं राहिलं, रागावू नका. टचिंग करून करून तुमच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, आईने तेही बोटाने दाखवलं होतं. ते मात्र मी रंगवलं नाही.